ज्ञानाच्या शेतातला सरवा

इसवी सन ११७९ मध्ये पोप तिसरे अलेक्झांडर यांनी रोममध्ये लॅटरनची तिसरी विश्वपरिषद भरवली. तिने केलेल्या नियमांपैकी अठरावा नियम शिक्षणाविषयी होता. प्रत्येक कॅथेड्रलने एका शिक्षकाच्या चरितार्थाची सोय करावी, त्याने तेथील धर्मसेवकांना आणि गरीब विद्यार्थ्यांना मोबदला न घेता शिकवावे, आणि शिकवण्याचा परवाना देताना कोणीही कोणाकडून पैसे मागू नयेत, असा त्याचा आशय होता. पॅरिस, बोलोन्या आणि ऑक्सफर्ड येथील विद्यापीठे त्या काळात आकार घेत होती. मध्ययुगीन धर्मपंडितांत एक विचार सूत्ररूपाने रूढ होता. ज्ञान ही परमेश्वराची देणगी आहे. म्हणून ते विकता येत नाही, असे ते मानीत.

आज साडेआठशे वर्षांनंतर त्याच युरोपात, त्याच विद्यापीठांत ‘परवाना’ हा शब्द पुन्हा रोजच्या व्यवहारात आला आहे. अर्थ मात्र पालटला आहे. विद्यापीठाच्या प्रयोगशाळेत लागलेल्या शोधाचे पेटंट विद्यापीठाच्या नावावर घ्यायचे आणि तो शोध वापरण्याचा परवाना एखाद्या कंपनीला मोबदला घेऊन द्यायचा, असा हा व्यवहार आहे. कधी प्राध्यापक स्वतःच विद्यापीठाच्या कुशीत नवी कंपनी काढतात आणि परवाना तिला मिळतो. यासाठी जवळजवळ प्रत्येक मोठ्या विद्यापीठात स्वतंत्र कचेरी आहे. तेथे वकील असतात, हिशेबनीस असतात, बाजारपेठेची नाडी ओळखणारी माणसे असतात.

ज्ञान विकू नये असे सांगणाऱ्या परंपरेतच जन्मलेली विद्यापीठे आज ज्ञानाचे परवाने विकतात. याला काळाची गरज म्हणून मान्यता द्यायची, की मंदिरातला बाजार म्हणून धिक्कार करायचा? ख्रिस्ती विवेकबुद्धीने या प्रश्नाकडे कसे पाहावे, याचा विचार येथे करावयाचा आहे. प्रश्न युरोपातला असला, तरी त्याचे उत्तर रुग्णाच्या उशाशी ठेवलेल्या गोळीच्या किमतीत उतरते. आणि तो रुग्ण कोणत्याही देशात असू शकतो.

दानशूर संशोधक

प्रथम त्यांचे स्मरण करू, ज्यांनी परवान्याचा विचारच केला नाही. विल्हेल्म राँटजेन यांना १८९५ साली जर्मनीतील वुर्झबर्ग विद्यापीठात क्ष-किरणांचा शोध लागला. त्यांनी त्याचे पेटंट घेतले नाही. पुढे १९०१ साली पदार्थविज्ञानाचे पहिले नोबेल पारितोषिक मिळाले, तेव्हा त्याची रक्कमही त्यांनी विद्यापीठाला देऊन टाकली. शोधानंतर काही महिन्यांतच जगभरचे डॉक्टर मोडलेली हाडे पाहू लागले होते. मादाम मेरी क्युरी आणि त्यांचे पती पिएर यांनी रेडियम वेगळे करण्याची पद्धत अशीच सर्वांसाठी खुली ठेवली.

या दोन उदाहरणांनी मन भरून येते. परंतु क्युरींच्या कथेला एक उत्तरार्धही आहे. रेडियमवर कारखाने उभे राहिले, त्याची किंमत गगनाला भिडली, आणि १९२१ साली संशोधनासाठी एक ग्रॅम रेडियम हवे असताना ते विकत घेण्याची ऐपत मादाम क्युरींकडे नव्हती. अमेरिकेतील महिलांनी वर्गणी काढून सुमारे एक लाख डॉलर जमवले, तेव्हा त्यांच्याच शोधातला एक ग्रॅम त्यांच्या हाती आला. बाईंना स्वतःच्या निर्णयाचा पश्चात्ताप झाला नाही, ही गोष्ट त्यांच्या थोरवीची. तरीही या प्रसंगातून एक कठोर सत्य उमगते. कुंपण नसलेल्या शेतात गरीबच पहिला येईल, अशी हमी नसते. पुष्कळदा गाडी-बैल असलेला माणूस आधी येतो आणि सारे पीक घेऊन जातो.

पुरून ठेवलेला तालंत

दुसऱ्या महायुद्धाच्या काळात हाच अनुभव ऑक्सफर्डला आला. हॉवर्ड फ्लोरी, अर्न्स्ट चेन आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी पेनिसिलिनपासून औषध घडवले. चेन यांचा आग्रह होता की याचे पेटंट घ्यावे. ब्रिटनच्या वैद्यकीय संशोधन परिषदेचे एडवर्ड मेलनबी आणि रॉयल सोसायटीचे अध्यक्ष सर हेन्री डेल या दोघांनी, असे करणे वैद्यकीय नीतीला सोडून होईल, असे बजावले. १९४१ साली फ्लोरी आणि त्यांचे सहकारी हीटली मदत मागण्यासाठी अमेरिकेला गेले. तेथे मोठ्या प्रमाणावरील उत्पादनाच्या पद्धती विकसित झाल्या आणि त्यांची पेटंटे अमेरिकेत घेतली गेली. आपल्याच शोधासाठी परक्यांचे तोंड पाहावे लागते, ही सल ब्रिटनच्या मनात राहिली. १९४८च्या एका कायद्यान्वये तेथे सार्वजनिक पैशातून लागलेले शोध जपण्यासाठी राष्ट्रीय महामंडळ स्थापन झाले, त्यामागे ही सल होती.

पुढे तेच महामंडळ गाफील राहिले. १९७५ साली केंब्रिजमध्ये सेझार मिलस्टीन आणि ज्यॉर्ज कोलर यांनी एकाच जातीची प्रतिपिंडे हवी तितकी निर्माण करण्याची युक्ती शोधली. कर्करोगापासून सांधेदुखीपर्यंतच्या कितीतरी आधुनिक औषधांचा पाया या युक्तीने घातला. महामंडळाला मात्र त्यात तातडीचा व्यावहारिक उपयोग दिसला नाही आणि पेटंट घेण्याची वेळ टळून गेली. मिलस्टीन यांनी आपल्या पेशी मागतील त्या प्रयोगशाळांना पाठवल्या. त्यांवर आधारलेल्या कामाची पेटंटे नंतर अमेरिकेत दुसऱ्यांनी घेतली.

येथे युरोपच्या कायद्यातील एक बारकावा समजून घ्यायला हवा. १९७३च्या युरोपीय पेटंट करारानुसार, अर्ज करण्यापूर्वी शोध जगजाहीर झाला तर तो ‘नवा’ राहत नाही आणि त्याचे पेटंट मिळत नाही. अमेरिकेत संशोधकाला स्वतःचा शोध प्रसिद्ध केल्यावरही अर्जासाठी एक वर्षाची सवलत असते. युरोपात सर्वसाधारणपणे तशी मुभा नाही. म्हणजे ज्या प्राध्यापकाने आनंदाच्या भरात आधी व्याख्यान दिले, त्याने पेटंटचे दार आपल्याच हाताने लावून घेतले असे होते.

या अनुभवांतून युरोपीय राष्ट्रांनी धडा घेतला. शोध आमचे आणि बाजार दुसऱ्यांचा, या अवस्थेला युरोपीय आयोगाच्या १९९५च्या एका मसुद्यात ‘युरोपचा विरोधाभास’ असे नाव मिळाले. अमेरिकेने १९८० सालीच कायदा करून सरकारी अनुदानातून लागलेल्या शोधांची मालकी विद्यापीठांना घेऊ दिली होती. युरोपात बऱ्याच देशांत ही मालकी प्राध्यापकाची असे. डेन्मार्कने २००० साली, जर्मनीने २००२ साली आणि नॉर्वेने २००३ साली हा विशेषाधिकार काढून मालकी विद्यापीठाकडे वळवली. इटलीने २००१ साली उलट दिशेने जाऊन तो प्राध्यापकांना दिला आणि २०२३ साली परत घेतला. स्वीडनने तो आजही राखला आहे. जर्मन कायद्याने संशोधकाला उत्पन्नातील तीस टक्के वाटा दिला. शिवाय, संशोधन आणि अध्यापन यांच्या स्वातंत्र्यापोटी एखाद्याला आपला शोध उघड करायचाच नसेल, तर त्याच्यावर तशी सक्ती नाही, असे कलमही त्यात ठेवले. विवेकबुद्धीला कायद्यात जागा ठेवणारे हे कलम लक्षात ठेवण्याजोगे आहे.

एवढे करूनही, मारिओ द्रागी यांनी सप्टेंबर २०२४ मध्ये युरोपीय संघाला सादर केलेल्या अहवालात खंत व्यक्त झाली, ती अशी की युरोपातील विद्यापीठे आणि संशोधनसंस्था यांच्या पेटंटांपैकी सुमारे एक तृतीयांशच व्यवहारात वापरली जातात. बाकीची कपाटात पडून राहतात.

मत्तयच्या शुभवर्तमानातील तालंतांचा दाखला आपण सर्वांनी ऐकला आहे. धन्याने दिलेला तालंत ज्या दासाने भीतीपोटी जमिनीत पुरला, त्याची धन्याने कानउघाडणी केली. कपाटात धूळ खाणारा शोध हाही पुरलेला तालंतच होय. प्रयोगशाळेतला रेणू आणि रुग्णाच्या हातातली गोळी यांमध्ये वर्षानुवर्षांच्या चाचण्या असतात, अमाप खर्च असतो, अपयशाची मोठी शक्यता असते. ही वाट चालण्याचे बळ विद्यापीठाकडे सहसा नसते. ज्याच्याकडे ते असते, तो विचारतो, मी एवढे घालवल्यावर दुसऱ्या दिवशी शेजाऱ्याने नक्कल केली तर माझे काय? हा प्रश्न निव्वळ लोभाचा म्हणून झटकून टाकता येत नाही.

सर्व शोधांना हे लागू नाही, हेही खरे. जिनिव्हाजवळच्या सर्न या संशोधनकेंद्राने ३० एप्रिल १९९३ रोजी वर्ल्ड वाइड वेबचे तंत्र सर्वांसाठी मोफत खुले केले आणि ते जगभर पसरले. त्या तंत्राला रुग्णांवरील चाचण्यांची वाट चालायची नव्हती. औषधाला ती चालावी लागते. म्हणून या प्रश्नाची खरी कसोटी औषधातच लागते.

लूव्हेनची गोष्ट

बेल्जियममधील लूव्हेन हे कॅथॉलिक विद्यापीठ पोप पाचवे मार्टिन यांच्या आज्ञापत्राने १४२५ साली स्थापन झाले. मोलोकाईच्या कुष्ठरोग्यांसाठी प्राण वेचणाऱ्या संत डेमियन यांची कबर याच गावी आहे. शोधांचे बाजारातील हस्तांतर पाहणारी स्वतंत्र कचेरी या विद्यापीठाने १९७२ सालीच उघडली. युरोपातील अशा पहिल्या काही कचेऱ्यांत तिची गणना होते. पुढे २०१६ ते २०१९ या चारही वर्षी रॉयटर्स वृत्तसंस्थेने युरोपातील सर्वांत नवनिर्मितिक्षम विद्यापीठ म्हणून लूव्हेनला पहिला क्रमांक दिला.

तेथील रेगा संस्थेतील डॉ. एरिक डे क्लर्क आणि प्राग येथील सेंद्रिय रसायनसंस्थेतील अँटोनिन होली यांचे सहकार्य १९७६ साली सुरू झाले. युरोप तेव्हा दोन गटांत विभागला होता. एक शास्त्रज्ञ साम्यवादी राजवटीत होता, दुसरा कॅथॉलिक विद्यापीठात. होली रेणू घडवीत आणि डे क्लर्क ते विषाणूंवर पारखीत. या मैत्रीतून जे रेणू निपजले, त्यांत एड्सच्या विषाणूला रोखणारा टेनोफोव्हीर होता. परंतु हा रेणू पोटावाटे घेतला तर शरीरात नीट शोषला जात नसे. परवाना मिळालेल्या कॅलिफोर्नियातील गिलियाड या कंपनीच्या रसायनशास्त्रज्ञांनी त्यात बदल करून तो तोंडावाटे घेण्याजोगा केला, चाचण्या पार पाडल्या, आणि २००१ साली अमेरिकेत त्या औषधाला मान्यता मिळाली. दिवसातून एकदा घ्यायची गोळी तयार झाली. प्राग आणि लूव्हेन यांना स्वामित्वधन मिळू लागले आणि त्यातून नवे संशोधन उभे राहिले.

येथपर्यंत ही कथा तालंतांच्या दाखल्यासारखी आहे. प्रत्येकाने आपला वाटा उचलला, आणि कंपनीचे कामही खरे काम होते. परंतु त्या वेळी एड्सचे बहुसंख्य रुग्ण युरोपात किंवा अमेरिकेत नव्हते. ते आफ्रिकेत होते आणि आपल्या देशातही होते. श्रीमंत देशांत एड्सवरील उपचाराला रुग्णामागे वर्षाला दहा हजार डॉलरहून अधिक खर्च येत असताना, फेब्रुवारी २००१ मध्ये मुंबईच्या सिप्ला कंपनीने तीन जुन्या औषधांचा संच दिवसाला एक डॉलरहून कमी दरात देऊ केला. गोळी बनवण्याचा खर्च हा अडसर नव्हता, हे त्या दिवशी जगाला कळले.

त्या तीन औषधांपैकी एकाचे, स्टॅव्हुडीनचे, पेटंट अमेरिकेतील येल विद्यापीठाकडे होते. दक्षिण आफ्रिकेतील रुग्णांसाठी काम करणाऱ्या डॉक्टरांनी विद्यापीठालाच साकडे घातले, विद्यार्थी त्यांच्या पाठीशी उभे राहिले, आणि मार्च २००१ मध्ये परवानाधारक कंपनीने दक्षिण आफ्रिकेत त्या पेटंटचा हक्क न बजावण्याचे जाहीर केले. परवाना दिला म्हणजे आपले हात बांधले गेले, असे म्हणण्याची विद्यापीठांची सबब त्यानंतर लंगडी पडली.

टेनोफोव्हीरच्या बाबतीत कंपनीने गरीब देशांसाठी सवलतीच्या दराची योजना आणली, पण ती प्रत्यक्ष पोहोचायला वेळ लागला. २००६ साली तिने भारतीय औषध-उत्पादकांना अल्प स्वामित्वधनावर परवाने दिले. भारतात तिने मागितलेल्या पेटंटांना रुग्णांच्या संघटनांनी आणि भारतीय उत्पादकांनी हरकत घेतली, आणि २००९ साली भारतीय पेटंट कार्यालयाने ते अर्ज फेटाळले. २०११ साली औषधांच्या पेटंटांचा सामाईक साठा करणाऱ्या आंतरराष्ट्रीय संस्थेत ही कंपनी सामील झाली. औषधकंपन्यांत हे पाऊल तिने पहिल्यांदा उचलले. आज आपल्या शासकीय केंद्रांत एड्सच्या रुग्णांना मोफत मिळणाऱ्या गोळीत टेनोफोव्हीर असते. लूव्हेन आणि प्राग येथील तो रेणू अखेर गरिबाच्या हाती पोहोचला.

‘अखेर’ या शब्दातच सारे दुःख भरले आहे. २००१ ते २००६ आणि त्यापुढचा काळ हा एड्सच्या मृत्यूंचा सर्वांत भीषण काळ होता. ज्याला औषध हवे होते, त्याला ते दहा वर्षांनी मिळाले काय आणि न मिळाले काय!

बांधापलीकडचा हक्क

येथे आपल्या श्रद्धेच्या भांडारात डोकावू या. मध्ययुगीन पंडितांनी ज्ञान विकण्याच्या प्रश्नाची व्यवहार्य उकल केली होती. शिक्षक ज्ञानाचे दाम घेत नाही. तो आपल्या श्रमांचे वेतन घेतो, असे त्यांनी म्हटले. हा भेद आजही उपयोगी आहे. औषधाच्या किमतीत चाचण्यांचा खर्च, अपयशाचा धोका, कामगारांचे वेतन, वाजवी नफा हे सारे श्रमाच्या मोबदल्यात मोडते. परंतु रुग्ण किती असहाय आहे यावरून किंमत ठरू लागली, की श्रमांची मजुरी मागे पडते आणि देवाच्या देणगीवर खंडणी वसूल होऊ लागते.

संत थॉमस अक्वायनस यांनी मालमत्तेचे दोन पदर वेगळे केले. वस्तू मिळवणे आणि तिची व्यवस्था पाहणे यासाठी खासगी मालकी योग्य आहे, कारण माणूस आपल्या वस्तूची निगा अधिक राखतो. उपभोगाच्या बाबतीत मात्र त्याने ती सर्वांची आहे असे समजून गरजवंताला देण्यास तत्पर असावे. पोप दुसरे जॉन पॉल यांनी १९८७च्या परिपत्रकात, खासगी मालमत्तेवर समाजाचे गहाण आहे, या अर्थाचे विधान केले. आपल्याला हे समजायला अवघड नाही. जमीन आपल्या नावावर असते, आणि सातबाऱ्याच्या उताऱ्यावर बोजाही चढवलेला असतो. मालकी खरी आणि बोजाही खरा. त्यांनीच १९९१च्या परिपत्रकात ओळखले, की आपल्या काळात ज्ञान, तंत्र आणि कौशल्य ही मालकीची नवी रूपे आहेत. पोप सोळावे बेनेडिक्ट यांनी २००९ साली, विशेषतः आरोग्याच्या क्षेत्रात बौद्धिक संपदेचा हक्क अवाजवी ताठरपणे राबवला जातो, याकडे बोट दाखवले. करोनाच्या साथीत, मे २०२१ मध्ये, पोप फ्रान्सिस यांनी लशींवरील पेटंट-हक्क तात्पुरते बाजूला ठेवण्यास पाठिंबा दिला.

परंतु या साऱ्याचे बीज त्याहून कितीतरी जुने आहे. लेवीय आणि अनुवाद या ग्रंथांत परमेश्वराने इस्राएलला शेतीविषयी एक आज्ञा दिली. कापणी करताना शेताच्या कडा साफ कापायच्या नाहीत. गळून पडलेला सरवा वेचायला मागे फिरायचे नाही. विसरलेली पेंढी आणायला परत जायचे नाही. ते गरिबाचे, परक्याचे, अनाथाचे आणि विधवेचे.

या आज्ञेत तीन गोष्टी ध्यानात घेण्याजोग्या आहेत. पहिली, शेताची मालकी नाकारलेली नाही. नांगरणारा, पेरणारा, राखण करणारा धनीच असतो आणि पिकाचा मोठा भाग त्याच्याच कोठारात जातो. दुसरी, सरवा ही धन्याने घातलेली भीक नव्हे. तो गरिबाचा हक्क आहे. त्यासाठी त्याला दारात हात पसरावा लागत नाही, तो स्वतः शेतात येतो आणि वेचतो. तिसरी गोष्ट सर्वांत महत्त्वाची. शेताची कड विळा चालण्यापूर्वीच राखून ठेवायची असते. सारे पीक खळ्यावर नेल्यानंतर, कोठारे भरल्यानंतर, लोकांनी आरडाओरड केल्यानंतर त्यातले चार पसे देणे याला सरवा म्हणत नाहीत.

टेनोफोव्हीरच्या कथेत नेमके हेच उणे राहिले असे मला वाटते. २००६ आणि २०११ साली जे केले गेले ते स्वागतार्हच होते. पण ते कापणीनंतरचे होते. आंदोलने आणि कायदेशीर हरकती यांच्या रेट्यात झालेले होते. गरीब देशांतील उत्पादकांना ही गोळी बनवण्याची मोकळीक राहील, असे कलम विद्यापीठाच्या मूळ परवान्यातच असण्याची प्रथा तेव्हा असती, तर वाट पाहण्याची कितीतरी वर्षे वाचली असती. तसल्या कलमाने कंपनीचा मुख्य नफाही फारसा घटला नसता, कारण तो श्रीमंत देशांतूनच येत होता. म्हणून पेटंट घ्यावे की घेऊ नये, या वादात अडकण्याचे आपल्याला कारण नाही. नीतीचा खरा क्षण परवान्यावर सही होण्याचा क्षण आहे. त्या एका क्षणी विद्यापीठ शेताचे धनी असते. सही झाल्यावर विळा दुसऱ्याच्या हातात जातो.

एक अपुरा, पण आशादायक प्रयत्न

हे अशक्य नाही, याची चुणूक ऑक्सफर्डने २०२० साली दाखवली. करोनाच्या साथीत तेथील जेन्नर संस्थेने लस तयार केली. आरंभी विद्यापीठाने करोनाविषयक शोध सर्वांना खुल्या परवान्याने देण्याची भूमिका घेतली होती. पुढे त्यांनी ॲस्ट्राझेनेका या एकाच कंपनीला परवाना दिला, आणि याबद्दल त्यांच्यावर टीकाही झाली. परंतु त्या करारात साथ असेपर्यंत नफा न घेण्याची आणि गरीब देशांना कायम ना-नफा दराने लस देण्याची अट होती. कंपनीने पुण्याच्या सीरम इन्स्टिट्यूटला उत्पादनाचा परवाना दिला आणि ‘कोव्हिशील्ड’ या नावाने ती लस आपल्यापैकी बहुतेकांच्या दंडात टोचली गेली. ती लस आता बाजारातून गेली आहे. पण विद्यापीठाने सही करण्यापूर्वी एक अट घातली तर तिचा परिणाम पुण्यापर्यंत आणि तेथून आपल्या गावच्या आरोग्यकेंद्रापर्यंत कसा पोहोचतो, याचा तो अनुभव होता.

त्या कराराच्या उणिवाही झाकू नयेत. खुली वाट सोडून एकाच कंपनीची निवड झाली, उत्पादन थोड्या कारखान्यांत एकवटले, आणि मार्च २०२१ नंतर भारतात दुसरी लाट उसळल्यावर येथून होणारी निर्यात थांबली, तेव्हा आफ्रिकेतील देश ताटकळत राहिले. कड राखली होती. पण तेथे पोहोचणारी पायवाट एकच होती.

काही जण म्हणतील, अशा अटी घातल्या तर कंपन्या विद्यापीठाच्या दाराशी फिरकणारच नाहीत आणि शोध पुन्हा कपाटात पडतील. ही भीती अगदीच निराधार नाही. एखाद्या छोट्या विद्यापीठाने एकट्याने हट्ट धरला तर तो करार हातचा जाऊ शकतो. म्हणूनच सरव्याची आज्ञा एका दानशूर शेतकऱ्याला दिलेली नव्हती. ती साऱ्या इस्राएलला होती. सर्वच शेते कडा राखत असतील, तर कोणाचेच शेत महाग ठरत नाही. युरोपातील विद्यापीठांचे संशोधन फार मोठ्या प्रमाणात जनतेच्या करांतून चालते. तेव्हा अनुदान देणाऱ्या शासनांनी आणि युरोपीय आयोगाने ही अट सर्वांवर सारखीच घातली, तर एकाचा तोटा दुसऱ्याचा फायदा होणार नाही. या कामी कॅथॉलिक विद्यापीठांनी वाट पाहत बसू नये. विद्यापीठ ख्रिस्तसभेच्या अंतःकरणातून जन्मले, असे ज्यांच्याविषयी १९९०च्या धर्मविधानाने म्हटले, त्यांच्या परवान्यात तरी त्या अंतःकरणाची एखादी ओळ दिसायला हवी.

आणखी एक धोका आहे. तो पैशांत मोजता येत नाही. अर्ज दाखल होईपर्यंत बोलायचे नाही, या नियमाने प्रयोगशाळेत एक मौन शिरते. तरुण संशोधकाला परिषदेत आपले काम मांडण्यापूर्वी कचेरीची परवानगी घ्यावी लागते. काही महिन्यांचे मौन सोसता येते. परंतु मौनाची सवय जडली, तर शेजारच्या टेबलावर काम करणारा सहकारी प्रतिस्पर्धी वाटू लागतो. त्याहून खोल धोका असा, की ज्या आजाराला बाजार नाही त्याविषयी प्रश्न विचारण्याचेच माणूस सोडून देतो. पेरलेच नाही त्या शेतात सरवा कुठून येणार? म्हणून विद्यापीठाला मिळणाऱ्या स्वामित्वधनातील काही भाग गरिबांच्या आजारांवरील संशोधनासाठी राखून ठेवणे, हाही कड राखण्याचाच प्रकार होय.

रूथच्या ग्रंथात बवाज आपल्या कापणाऱ्यांना आज्ञा करतो, की या परक्या बाईसाठी पेंढ्यांतून मुद्दाम काही कणसे गळू द्या. त्याने आपले शेत वाटून टाकले नाही आणि रूथलाही शेताची मालकी मागायची नव्हती. तिला त्या दिवशीची भाकरी हवी होती आणि ती मानाने हवी होती. त्या सरव्यावर जगलेल्या मवाबी स्त्रीच्या वंशात पुढे दावीद जन्मला आणि त्याच वंशावळीत आपण प्रभू येशूचे नाव वाचतो. सरवा वेचणाऱ्याच्या ओंजळीतून देव काय घडवणार आहे, हे शेताच्या धन्याला कधीच ठाऊक नसते.

आपल्या धर्मग्रामांतील मुलेमुली आता उच्च शिक्षणासाठी युरोपात जातात. त्यांच्यापैकी एखादी उद्या लूव्हेनच्या किंवा दुसऱ्या एखाद्या विद्यापीठाच्या प्रयोगशाळेत उभी असेल आणि तिच्या शोधाचे कागद सहीसाठी तिच्यापुढे येतील. तिने ते फेटाळून लावावेत असे मी म्हणणार नाही. तिने आपल्या श्रमांचा मोबदला अवश्य घ्यावा. फक्त सही करण्यापूर्वी तिने कचेरीतल्या माणसाला शांतपणे विचारावे, की यात शेताची कड कोणत्या कलमात राखली आहे? उत्तर मिळाले नाही, तर ते कलम लिहून घेतल्याशिवाय तिने लेखणी उचलू नये. घरच्या वडीलधाऱ्यांनी तिला एवढे जरी शिकवून पाठवले, तरी पुष्कळ झाले.